दाढी-वेणीची गाठ : फाळके, मूकपट आणि आपलं हसणं

 

मागच्या खेपेला आम्ही करुणरसावर बोललो. संपल्यावर एक गृहस्थ जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सर, रडवलंत, आता हसण्यावरही बोला की." आम्ही हो म्हणून गेलो आणि घरी येऊन पंचाईत झाली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला रडण्यावर बोलायला पुष्कळ सामग्री मिळते. हसण्यावर बोलायला गेलं की समोरचे हसायचे थांबतात. (हशा) बरं झालं, अजून थांबला नाहीत.

आजचा विषय ज्याला इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात तो आहे. पडणं, घसरणं, टक्कर होणं, पाठीत बसणं, पळणं आणि पळणाऱ्याच्या मागे दहा जणांनी पळणं. चित्रपट मुका होता तेव्हा त्याचा हा एक मोठा आधार होता. आणि बोलायचं आहे ते मुख्यतः आपल्या दादासाहेब फाळक्यांबद्दल. चॅप्लिनबद्दल जगानं पुरेसं बोलून ठेवलंय, तो मधेमधे येईल.

आधी शब्द पाहू. स्लॅपस्टिक ही खरोखरची एक वस्तू होती. इटलीतल्या जुन्या फिरत्या नाटकमंडळ्यांमध्ये विदूषकाच्या हातात ती असायची. दोन पातळ फळ्या एका मुठीत बसवलेल्या. मारली की फळीवर फळी आपटते, आवाज मोठा होतो, लागत मात्र फारसं नाही. म्हणजे या विनोदाचं नाव मुळात एका आवाजावरून पडलेलं आहे. मग सिनेमा आला आणि त्यानं पहिल्या फटक्यात तो आवाजच काढून घेतला. उरलं नुसतं अंग. मार लागल्याचा आवाज नटाला आपल्या शरीरातून दाखवावा लागला, मानेतून, गुडघ्यांतून, टोपी कशी उडते त्यातून. मूकपटातल्या विनोदाची ही मूळ अडचण होती आणि त्याची सगळी कला त्या अडचणीतून निघाली, असं आम्हाला वाटतं.

अर्थात मूकपट कधीच पूर्ण मुका नव्हता. पडद्याच्या बाजूला तबला-पेटी असायची, परदेशात पियानो असायचा. पडद्यावर माणूस पडला की इथे तबल्यावर थाप पडायची. ज्यांनी आपल्याकडची खडी गंमत पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सोंगाड्याच्या पाठीत बसते तेव्हा आवाज ढोलकीतून येतो. खडी गंमतीकडे आपण परत येणार आहोत. आम्हाला तिथे एक जुनं देणं चुकवायचं आहे.

आता फाळके. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे आपल्याला पाठ आहे. त्या खेळाची जाहिरात मात्र फार जण वाचत नाहीत. हरिश्चंद्राच्या जोडीला त्या कार्यक्रमात मिस आयरीन डेलमार यांचं नृत्यगीत होतं, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू होता आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' होती. सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा सोडणारा राजा आणि त्याच तिकिटात पायांवर वस्तू नाचवणारा साहेब! आज आपल्याला हे विचित्र वाटतं. त्या प्रेक्षकाला वाटलं नसणार. कीर्तनकार पूर्वरंगात वेदान्त सांगतो आणि आख्यानात मधेच एक चुटका टाकतो, तेव्हा आपण कुठे दचकतो?

फाळक्यांनी हे ओळखलं होतं. 'मोहिनी भस्मासूर' या त्यांच्या दुसऱ्या पौराणिक चित्रपटाबरोबर त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी चित्रपट जोडला. हा काळ १९१३ संपून १९१४ लागण्याचा. तिकडे अमेरिकेत कीस्टोन कंपनी १९१२ मध्ये सुरू झाली होती आणि चार्ली चॅप्लिन पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो फेब्रुवारी १९१४ मध्ये. म्हणजे आपला माणूस त्यांच्या मागून चाललेला नाही, बरोबरीनं चालला आहे. आमच्या पिढीला शिकवलं गेलं की आपल्याकडे जे काही आलं ते तिकडून उशिरा आलं. इथे तारखा तसं म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फाळके जादूगार होते. आपलं आडनाव उलटं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावानं ते जादूचे प्रयोग करत. आडनावाशीच कोलांटउडी मारणाऱ्या माणसाला विनोदाचं अंग नसेल असं कसं म्हणावं? तरीही त्यांच्यावर लिहिणारे त्यांना एकदम देव्हाऱ्यात नेऊन बसवतात आणि छोट्या विनोदी चित्रपटांचा उल्लेख यादीपुरता करतात. चटणीवर कोण लिहितो! आम्हीही तेच केलं असतं, पण १९१९ चा 'कालिया मर्दन' पाहिला आणि लक्षात आलं की चटणी त्यांनी पानाच्या मध्यभागी वाढली आहे.

'कालिया मर्दन' आज बराचसा उपलब्ध आहे, तुमच्या मोबाईलवरही सापडतो. पाहताना एक काळजी घ्या. मूकपट हातानं कॅमेरा फिरवून काढत, सेकंदाला साधारण १६ चित्रं. बोलपटाचा वेग २४. जुनी फीत २४ च्या वेगानं चालवली की माणसं दीडपट घाईनं चालतात, किड्यामुंग्यांसारखी तुरुतुरु. आपल्याला वाटतं, काय मजेशीर चालायचे जुने लोक! ते तसे चालत नव्हते. तुम्ही पाहाल ती प्रत जर अशी धावत असेल तर वेग ०.७५ वर आणा. कीस्टोनवाले मुद्दाम कॅमेरा हळू फिरवून घाई निर्माण करत, ती गोष्ट निराळी. पण फाळक्यांच्या चित्रात यंत्राच्या चुकीला हसू नये.

आणि दुसऱ्याही एका हसण्याबद्दल सावध करतो. 'राजा हरिश्चंद्र'मधला जलक्रीडेचा प्रसंग वर्गात दाखवला की पोरं फिदीफिदी हसतात, कारण ओल्या लुगड्यांत सगळे पुरुष आहेत. 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंकेच राम आणि तेच सीता, तिथेही दंड बघून हसतात. ते हसणं आपलं आहे, फाळक्यांनी ते मागितलेलं नव्हतं. त्याच फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासूर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांना पडद्यावर आणलं, हेही त्याच वर्गात सांगावं.

आता 'कालिया मर्दन'मधला तो प्रसंग. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. कृष्णाच्या खोड्या चालू आहेत, लोणी चोरून झालं आहे. रात्री तो एका धनवान सावकाराच्या घरात शिरतो. नवराबायको निजलेले. पोरगं हळूच नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस यांची गाठ मारतं. पुढे जागे झाल्यावर काय होतं ते सांगायला नको. हा जानता उठायला जातो, ती ओढली जाते, ती ओरडते, तो ओढला जातो.

हा विनोद फाळक्यांनी शोधलेला नाही. दाढी-वेणीची गाठ आपल्याकडच्या कृष्णकथेत, कीर्तनांत जुनीच आहे. आजीकडून ऐकलेली आहे. फाळक्यांनी काय केलं, तर ती ऐकायची गोष्ट पाहायची केली. आणि पाहायची झाल्याबरोबर तिच्यात फरक पडला. ऐकताना आपण कृष्णाच्या बाजूनं असतो, 'कसा ग बाई अवखळ' म्हणून. पाहताना नजर त्या गाठीवर जाते. दोन मोठी, जाडजूड, प्रतिष्ठित माणसं एका केसाच्या गाठीनं बांधलेली. आपल्याला कळतं की यांना सोडवता येईल, थोडं थांबले, गप्प बसले तर लगेच सुटेल. पण ती थांबत नाहीत, ओढतच राहतात. गाठ मारली कृष्णानं, आणि आवळत आहेत ती दोघं. चांगल्या अंगविनोदाची खूण आम्ही ही मानतो. नुसतं केळीच्या सालीवरून पाय घसरला तर ते एकदा हसू. घसरलेला माणूस आपली ऐट सावरायला जाऊन आणखी तीनदा पडला, तर तो विनोद.

इथे तत्त्वज्ञानाचा माणूस गप्प बसणार नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. आम्ही ते गोंदियात तीसएक वर्षं शिकवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपण हसतो. रस्त्यानं धावणारा माणूस अडखळून पडतो, कारण वाट बदलली तरी त्याचे पाय जुन्या सवयीनं चालत राहिले. समाजाला असं ताठरपण नको असतं, म्हणून समाज हसून त्याला शिक्षा करतो. आणि हसताना काळीज घटकाभर बधिर व्हावं लागतं. दया आली की हसू गेलं. शिवाय हसणं एकट्याचं नसतं, ते नेहमी टोळीचं असतं. (मोबाईलवर कानात बोंडं घालून एकट्यानं चॅप्लिन पाहणाऱ्यांनी याचा विचार करावा. तो चित्रपट भरलेल्या सभागृहासाठी काढलेला आहे. तुम्हाला हसू आलं नाही तर सगळा दोष चॅप्लिनचा नाही.)

सावकाराला बर्गसाँ नीट लागू पडतात. तो ताठर आहे, म्हणून ओढत राहतो. पण कृष्णाचं काय? खिडकीशी ते पोर खुदकन हसतं तेव्हा आपणही हसतो, आणि आपलं काळीज त्या क्षणी मुळीच बधिर नसतं. उलट भरून आलेलं असतं. आपल्याकडे हास्याला वात्सल्याचा शेजार चालतो. बर्गसाँना हा शेजार माहीत नव्हता, किंवा चालला नसता. आमचा पहिला आक्षेप त्यांच्यावर हा.

दुसरा आक्षेप मात्र आपल्याच भरतमुनींवर आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. उत्तम माणूस स्मित करतो, त्यात दातसुद्धा दिसत नाहीत. अधम माणूस कुशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. आणि हा रस बहुतेक करून स्त्रियांत आणि हलक्या प्रकृतीच्या लोकांत दिसतो, असंही मुनी सांगून जातात. म्हणजे ही हसण्याची शिडी दिसते खरी, पण आहे ती माणसांची शिडी. कोणाचं अंग किती हललेलं चालेल याची. दोन हजार वर्षांनंतरही आपण 'दर्जेदार विनोद' म्हणतो तेव्हा शाब्दिक कोटी डोळ्यांपुढे असते, आणि 'पाचकळ' म्हणतो तेव्हा कोणीतरी चिखलात पडलेला असतो. आपल्या विनोदावरच्या टीकेनं ही शिडी न तपासता वापरली. आम्हीही.

फाळक्यांनी या शिडीशी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी तळाच्या पायरीवरचा विनोद उचलून सर्वात वरच्या पात्राच्या हाती दिला. साक्षात परब्रह्म दाढीला गाठ मारतंय, आता काढा दर्जा! थिएटरात कुशी धरून हसणारा माणूस घरी जाऊन म्हणू शकत होता, देवाचा सिनेमा पाहून आलो. ही युक्ती फार मोठी होती आणि आम्ही तिला मनापासून दाद देतो.

पण तिची किंमत पडली, आणि तीही सांगायला हवी. १९१७ मध्ये, 'लंकादहन' आला त्याच वर्षी, चॅप्लिननं 'द इमिग्रंट' काढला. बोटीतून अमेरिकेला आलेल्या गरिबांना तिथला अधिकारी दोरीनं गुरांसारखं कोंडतो. चार्ली संधी साधतो आणि त्या अधिकाऱ्याच्या पार्श्वभागावर लाथ मारतो. त्याच्यापाशी परवाना नाही. तो देव नाही, राजाचा मुलगा नाही, खिशात दमडी नाही. लाथ मारायचा हक्क त्यानं कोणाकडून मागून घेतलेला नाही, म्हणून तर त्याला पळावं लागतं. कृष्णाला पळावं लागत नाही. त्याची तक्रार फार तर यशोदेकडे जाते. सगळ्या पृथ्वीचा मालक असलेल्या पोरानं सावकाराची दाढी बांधली तर त्यात सावकाराचं काय जातं? उलट पुण्यच पदरी पडतं. फाळक्यांचा अंगविनोद परवानाधारक आहे, आणि म्हणून तो ज्याच्यावर होतो त्याला खरी इजा करत नाही.

कोणी म्हणेल, काळ पाहा. १९१८ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा आला, १९२० पासून सेन्सॉर मंडळं बसली. अशा दिवसांत मुंबई इलाख्यात शिपायाला लाथ मारलेली कोण दाखवू देणार होतं? हे खरं आहे. पण पुराणाच्या पडद्याआडून बोलणारे होतेच. १९२१ च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. कोहिनूर कंपनीला जे धाडस झालं ते फाळक्यांना नको होतं. त्यांची प्रतिभा तिकडे वळणारी नव्हती, असं आम्ही म्हणतो. यात त्यांचा अपमान नाही. पण 'भारतीय चित्रपटाचे जनक' म्हणताना आपल्या विनोदी चित्रपटाला जन्मापासून देवाचं बोट धरायची सवय लागली, तीही त्यांच्याकडूनच, हे नोंदवून ठेवावं.

आता ते देणं.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा मंडई, रात्री नाटक, दंडार, कुठे खडी गंमत. आम्ही इथे नोकरीला आलो तेव्हा या सगळ्याकडे नाक मुरडून पाहत होतो. खडी गंमत म्हणजे उभ्यानं, लोकांच्या मधोमध. नटाला लपायला विंग नाही, चेहरा दाखवायला जवळचा प्रकाश नाही. पूर्ण माणूस, डोक्यापासून पायापर्यंत, सतत समोर. आज सांगतो, मूकपटातल्या विनोदाची चौकट हुबेहूब हीच असते. कॅमेरा लांब उभा, पूर्ण अंग दिसलं पाहिजे, कारण विनोद पायांत आहे. हे कळायला आम्हाला किटन आणि चॅप्लिन पाहावे लागले. आमच्या विद्यार्थ्यांना ते न पाहता ठाऊक होतं.

एका वर्षी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी कार्यक्रम निवडायच्या समितीत आम्ही होतो. सडक अर्जुनीकडचा एक मुलगा, घरची थोडी धानाची शेती, त्यानं एकट्यानं एक सोंग आणलं. पीकपाहणीला आलेला पटवारी. बांधीत चिखल, मधून अरुंद धुरा. पटवारी धुऱ्यावरून चालतोय, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी. पाय घसरतो. तो पिशवी वर धरतो. सावरतो. पुन्हा घसरतो, गुडघ्यापर्यंत रुततो, पिशवी आणखी वर. शेवटी कमरेपर्यंत चिखलात, छत्री गेली, एक चप्पल गेली, आणि पिशवी मात्र कोरडी, डोक्याच्या वर, दोन्ही हातांत. शब्द एक नाही. ना चिखल होता, ना छत्री. सगळं हवेत. मुलाचा एक मित्र बाकावर ताल धरत होता, तेवढाच आवाज.

आम्ही हसलो. चांगले खळखळून हसलो, डोळ्यांत पाणी आलं. भरतमुनींच्या हिशेबानं सहाव्या पायरीवर गेलो. मग समितीच्या कागदावर शेरा लिहिला : 'केवळ शारीरिक चेष्टा. अभिरुचीला धरून नाही.' कार्यक्रम कापला गेला. अक्षर आमचंच होतं, दुसऱ्या कोणावर ढकलण्यासारखं नाही. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात बर्गसाँ शिकवत होतो. ताठर माणूस, बदललेली वाट, सवयीनं वर गेलेला हात. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं समोर येऊन उभं राहिलं होतं आणि आम्हाला ओळखता आलं नाही.

मुलगा व्हरांड्यात भेटला. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "सर, तुमी तं हासले होते ना?"

आम्ही काय उत्तर दिलं? "अरे, हसणं वेगळं आणि दर्जा वेगळा," असं काहीतरी. तो "हो सर" म्हणाला आणि गेला. पुढे त्याची भेट नाही.

आज त्याचं सोंग आणि दाढी-वेणीचा प्रसंग शेजारी ठेवले तर फरक स्पष्ट दिसतो. पटवाऱ्याला कोणी गाठ मारली नाही. देव नाही, खोडकर पोर नाही, माफी मागायला यशोदा नाही. शेतातल्या चिखलानं कागदाच्या माणसाला धरलं, बस. परवाना नव्हता, आणि आम्ही समितीत बसून तोच मागत होतो. तेच सोंग त्यानं हनुमानाच्या वेशात केलं असतं तर कदाचित पास झालं असतं. (हशा) हसू नका, खरंच झालं असतं.

शेवटी 'कालिया मर्दन'च्या अगदी सुरुवातीकडे तुमचं लक्ष वेधतो. चित्रपट कृष्णापासून सुरू होत नाही. आधी पाटी येते, की सात वर्षांच्या एका गुणी मुलीचा हा मुद्राभिनय आहे. मग मंदाकिनी, साधी, घरातली मुलगी म्हणून समोर येते, मुकुट नाही, मोरपीस नाही, आणि तोंडावर एकामागून एक भाव आणते. हसते, रुसते, घाबरते. नंतर ते चित्र विरत विरत जातं आणि त्याच जागी कृष्ण उभा राहतो. टीकाकार याला बापानं केलेलं लेकीचं कौतुक म्हणतात. असेलही. पण आम्हाला त्यात फाळक्यांची कबुली दिसते. परवाना चढवण्याआधीचं अंग त्यांनी आपल्याला दाखवून ठेवलं आहे. हसवायची सगळी ताकद त्या विनामुकुटाच्या मुलीपाशी आहे, मोरपीस नंतर आलं आहे, हे जादूगाराला पक्कं ठाऊक होतं.

ती साधी मुलगी तशीच, फ्रॉक-परकर जे असेल त्यात, सावकाराच्या खोलीत शिरली असती आणि तिनं दाढीला गाठ मारली असती, तर १९१९ चा प्रेक्षक हसला असता की उठून गेला असता? आम्हाला याचं उत्तर ठरवता आलेलं नाही. घरी गेल्यावर तो सुरुवातीचा तुकडा पुन्हा पाहा, वेग ०.७५ ठेवून, आणि शक्य झालं तर कोणाला तरी शेजारी बसवून.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे ते हात वर करताहेत, त्यांच्याकडे आधी माईक द्या.